गाऱ्हाण्याचा प्रतिवादी

भूतकाळातील अन्यायाचे परिमार्जन वर्तमानात कोणाकडे तरी मागणे, यास येथे ऐतिहासिक गाऱ्हाणे म्हटले आहे. त्याची अंगे तीन : वादी, पुरावा व प्रतिवादी. राजकीय वक्तृत्व पहिल्या दोहोंवरच खर्च होते. प्रस्तुत विवेचन तिसऱ्याचे आहे.

प्रथम पुरावा. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून रात्रभर चालून आलेल्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनच्या सुमारे आठशे लोकांनी कोरेगावात पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली. कंपनीने पुढे शेजारच्या पेरणे गावाच्या हद्दीत स्तंभ उभारला. त्यावरील ४९ मृतांपैकी २२ जणांची नावे ‘नाक’ या पदाने संपतात. ती महार सैनिकांची होत. लढाई दोन राज्यसत्तांची होती : कंपनीच्या पलटणीत इतर जातिधर्मांचे शिपाईही होते, पेशव्यांकडून अरब लढले. पेशवाईतील अस्पृश्यतेचे निर्बंध हे याहून पृथक्, परंतु तितकेच सत्य. म्हणजे स्तंभाशी दोन तथ्ये जोडली गेली आहेत : (१) सैनिकांची सेवा, (२) त्यांच्या जातीचा अवमान. तथ्य बदलले की प्रतिवादीही बदलतो.

पहिल्या तथ्याचा प्रतिवादी इंग्रज सरकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली व पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. सत्ताधाऱ्याने स्वतःच्या कीर्तीसाठी जपलेली सेवेची नोंद अशा रीतीने त्याच्याचविरुद्ध दस्तऐवज ठरली. हे गाऱ्हाणे निकाली निघण्याजोगे होते, कारण प्रतिवादी निश्चित होता आणि मागितलेली वस्तू त्याच्या हाती होती. ते निघालेही, परंतु न्यायबुद्धीने नव्हे, युद्धाच्या निकडीने : महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली.

दुसऱ्या तथ्याचा प्रतिवादी हिंदू समाज. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर स्तंभापाशी आले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाडचा सत्याग्रह झाला. तेथे अस्पृश्यांची मागणी सार्वजनिक तळ्याच्या पाण्याची, म्हणजे पुन्हा निश्चित व देता येण्याजोगी होती.

स्वातंत्र्यानंतर पेशवे नाहीत, कंपनी नाही. आता प्रतिवादी वक्तृत्वाने नेमावा लागतो. एका पक्षाचे वक्ते आजच्या राज्यकर्त्यांना ‘नवी पेशवाई’ म्हणतात, दुसऱ्या पक्षाचे स्तंभास वंदन करणाऱ्यांस परकीयांचे पक्षपाती ठरवतात. दोन्ही युक्तिवादांत वारसा गृहीत धरलेला आहे, सिद्ध केलेला नाही. तथापि दोन्ही समान नव्हेत : पहिल्यामागे जातिभेदाचा आजचा अनुभव उभा आहे, दुसऱ्याने स्वतंत्र भारताच्या नागरिकांकडून १८१८ मधील निष्ठेचा हिशेब मागितला आहे, जेव्हा आजच्या अर्थाचे राष्ट्रच अस्तित्वात नव्हते.

शेजारी राष्ट्रांत असा वाद असता तर निदान स्वाक्षरी करणारे दोन पक्ष असते. जपान व दक्षिण कोरिया यांनी १९६५ मध्ये करार केला. वाद मिटला नाही, पण कोणत्या कलमावर तो आहे हे सांगता येते. कोरेगाव आणि शेजारची सणसवाडी, वढू बुद्रुक ही गावे यांच्यात असे कलम नाही. १ जानेवारी २०१८ रोजी या परिसरात झालेल्या हिंसाचारानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्या दिवसाच्या घटनाक्रमाची व कारणांची चौकशी हे त्याचे काम. १८१८ च्या गाऱ्हाण्यास प्रतिवादी नेमून देणे त्याच्या कार्यकक्षेत नव्हते.