प्रस्तावना : संज्ञेआधी शंका

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मनाविषयी वाचायच्या उत्साहाने येतो आणि लगेच त्याची गाठ मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांच्याशी पडते. गणित सुटावे म्हणून कला शाखा घेतलेल्यांचा तर हिरमोडच होतो. मग व्याख्या पाठ होतात, परीक्षा पार पडते आणि विषय तिथेच राहतो. या पुस्तकाची भूमिका अशी की यातली प्रत्येक संज्ञा एखाद्या रास्त शंकेतून आलेली आहे. शंका पटली की संज्ञा लक्षात राहते.

रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या ग्रंथात मांडलेला प्रयोग पाहा. कपात आधी दूध ओतले की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असा एका बाईंचा दावा होता. पहिली शंका : अंदाजाने बरोबर आले तर? म्हणून कप आठ. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. बाईंनी दूध-आधीचे चार निवडायचे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. निव्वळ अंदाजाने चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. निदान तीन तरी बरोबर येण्याचे प्रकार मात्र १७, म्हणजे सुमारे २४ टक्के. एक कप चुकला की दाव्यातला दम गेला!

‘बाईंना काहीच ओळखता येत नाही’ असे धरून चालणे ही शून्य परिकल्पना. ती खरी असताना इतका चांगला किंवा याहून चांगला निकाल येण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. ते किती खाली आले की निकाल मानायचा, याची आधीच आखलेली रेघ ही सार्थकता पातळी; बहुधा ०.०५. कपांचा क्रम दैवावर सोडणे हे यादृच्छिकीकरण, म्हणजे क्रमावरून सुगावा लागायला नको. बाई जिंकल्या की हरल्या, हे फिशर यांनी त्या ग्रंथात सांगितलेच नाही. त्यांना रीत दाखवायची होती.

मापनाच्या शंका वेगळ्या. पुन्हा मोजले तर तेवढेच येईल का, ही विश्वसनीयता; मोजायचे तेच मोजले जाते का, ही सप्रमाणता. बिने आणि सिमों यांची १९०५ ची बुद्धिमापन चाचणी पॅरिसच्या मुलांसाठी होती. तिच्या प्रश्नांचे नुसते भाषांतर करून आपल्याकडची मुले मोजता येणार नव्हती. म्हणून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली आला.

या शंका जुन्या झालेल्या नाहीत. २०१५ साली मानसशास्त्रातली १०० प्रकाशित संशोधने पुन्हा करून पाहण्यात आली. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्के निकाल सार्थ होते. पुनरावृत्तीत ३६ टक्केच सार्थ ठरले. लहान नमुने आणि ‘सार्थ’ तेवढेच छापण्याची सवय ही त्यामागची ठळक कारणे मानली जातात. पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले म्हणजे दावा सिद्ध झाला, असे समजणाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानात ठेवावेत.

वाचकांना एकच विनंती. पुढच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या आणि वरचे ७० आणि १७ हे आकडे स्वतः मोजून पाहा. आमच्या शब्दावर विसंबू नका. या शास्त्राचा पहिला नियम तोच आहे.