फांसे तपासावे कोणी?

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत द्यूताध्यक्ष नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. जुगारी लोक बहुधा कपटानेंच खेळतात असें गृहीत धरून तेथें नियम घातले आहेत. खेळ नेमलेल्या एकाच जागीं व्हावा. इतरत्र खेळेल त्यास बारा पण दंड. फांसे व कवड्या अध्यक्षानें शुद्ध पाहून ठेवाव्या. त्या बदलणारास पुन्हां बारा पण दंड. कपटानें जिंकलेलें धन जप्त व्हावें. आणि सरळपणें जिंकणारानें जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच अध्यक्षास द्यावे, शिवाय फांशांचें भाडें निराळें.

या व्यवस्थेंत दोन प्रश्न निरनिराळे ठेवलेले आहेत, आणि पुढील काळांतल्या खेळणारांनीं त्यांचीच नेहमीं गल्लत केलेली दिसते. फांसे खरे आहेत काय, हा एक प्रश्न. आणि फांसे खरे असतांनाही जुगाराचें घर आपल्यासाठीं किती ठेवून घेतें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर समाधानकारक मिळालें म्हणून दुसऱ्याचेंही तसेंच मिळेल असें नाहीं. कौटिल्याचा शेंकडा पांचाचा भाग निदान उघड होता; तो जिंकणाराच्या देखत मोजून घेतला जाई. पुढच्या कारागिरांचें पुष्कळसें चातुर्य हा भाग दिसेनासा करण्यांत खर्चीं पडलें.

माँटे कार्लोच्या रूलेटचें चाक घ्यावें. त्यावर शून्यासह 37 घरें असतात. एका आंकड्यावर नाणें लाविलें आणि तोच आंकडा आला, तर लावलेल्या नाण्याशिवाय 35 नाणीं मिळतात. काटेकोर हिशेबानें 36 मिळावयास हवीं होतीं. या एका नाण्याच्या फरकांत घराचा शेंकडा 2.7 चा नफा बसलेला आहे, आणि तो चाक अगदीं निर्दोष असतांनाचा आहे. चाक सदोष असल्यास घरावरच पाळी येते. यॉर्कशायरांतील कापडधंद्यांतला जोसेफ जॅगर यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशांत माँटे कार्लो येथें कारकून लावून दिवसेंदिवस आंकडे टिपून घेतले, एका चाकाचा कल हेरला, आणि मोठी रक्कम घेऊन तो घरीं परतला. यंत्रांशीं आयुष्य घालविलेल्या माणसास चाकाची खोड लवकर कळावी, यांत नवल नाहीं.

संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यानें 1894 सालीं हाच उद्योग लंडनमध्यें बसून केला. माँटे कार्लोचे निकाल छापणाऱ्या एका पत्रावरून त्यानें तांबडे-काळे मोजले, आणि एकाच रंगाच्या लागोपाठ येणाऱ्या रांगा गणिताशीं मुळींच जुळत नाहींत असें दाखविलें. जुगारगृह बंद करून त्याचें द्रव्य संभवशास्त्राच्या प्रयोगशाळेस द्यावें, अशी थट्टेची सूचनाही त्यानें केली. चाकापाशीं बसून आंकडे टिपण्याचा कंटाळा आल्यामुळें वार्ताहर ते मनानेंच रचीत असत, असें पुढें सांगण्यांत येऊं लागलें. तसें असेल तर पिअर्सननें चाकाची नव्हे, वार्ताहरांची परीक्षा केली. पण परीक्षा मात्र अचूक केली.

मुंबईच्या जुगाऱ्यांनीं विश्वासाचा हा प्रश्न आपल्या परीनें सोडविला होता. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते व बंद भाव तारेनें येत, आणि त्यांवर आंकडा लागे. हा आंकडा लोकांस खरा वाटे, कारण तो समुद्रापलीकडून येई आणि मुंबईंतल्या कोणाच्या हातांत नसे. 1961 सालीं हे भाव येणें थांबलें, आणि त्यांची जागा मटक्यानें घेतली. चिठ्ठी किंवा पत्ता लोकांच्या देखत काढला जावा, ही त्यांतली मुख्य अट होती. दुरून आलेला असो वा डोळ्यांदेखत काढलेला असो, आंकड्यास कांहीं ना कांहीं साक्ष लागत असे.

यंत्रानें ही साक्षच काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्को येथें बव्हेरियाहून आलेल्या चार्ल्स फे यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लिबर्टी बेल' हें नाण्याचें यंत्र बनविलें. तीन रिळें, प्रत्येक रिळावर दहा जागा. म्हणजे एकूण हजार जुळण्या. तीन घंटा एका ओळींत आल्या कीं मोठें बक्षीस. यंत्र उघडून रिळें पाहिलीं असतां कोणत्याही हिशेबी माणसास त्याचा सारा व्यवहार कागदावर मांडतां आला असता. रिळावर जें दिसे, तेंच यंत्रांत होतें.

ही सरळता 1984 सालीं संपली. त्या वर्षीं इंगे टेलनेस यास अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. त्याच्या योजनेंत रीळ कोठें थांबावें हें रीळ ठरवीत नाहीं. आंत दडलेला संगणक एक आंकडा काढतो आणि रीळ त्या आज्ञेप्रमाणें थांबतें. समजा, डोळ्यांस दिसणाऱ्या रिळावर 22 जागा आहेत. तीन रिळांवर मोठें चिन्ह प्रत्येकीं एकदांच असेल, तर पाहणारास वाटतें कीं 10,648 डावांत एकदां बक्षीस लागावें. पण संगणकापाशीं प्रत्येक रिळासाठीं 64 आंकडे असले आणि मोठ्या चिन्हास त्यांतला एकच दिला असला, तर खरा योग 2,62,144 डावांत एकदां येतो. उरलेले आंकडे रिकाम्या जागांवर हवे तसे वांटतां येतात. मोठ्या चिन्हाच्या लगतच्या जागांस ते अधिक दिले कीं चिन्ह वारंवार ओळीच्या किंचित् वर किंवा किंचित् खालीं दिसतें, आणि बक्षीस थोडक्यांत हुकलें असें खेळणारास वाटतें. त्याचा डोळा खोटें पाहत नाहीं; पण त्यानें पाहिलेल्याचा हिशेबाशीं संबंध उरलेला नसतो.

नेवाडा संस्थानाच्या जुगार आयोगानें 1989 सालीं एका मर्यादेपर्यंत या प्रकारास हरकत घेतली. डाव हरल्याचें ठरल्यावर मुद्दाम हुकलेल्या बक्षिसाचें चित्र निवडून दाखविणें त्यानें अमान्य केलें; टेलनेसची वांटणी मात्र चालूं राहिली. कायद्याचा हा भेद बारीक आहे, आणि हरणाराच्या खिशास तो जाणवण्याजोगा नाहीं.

यंत्रानें खेळणारास किमान किती परत द्यावें, याची अट नेवाडांत शेंकडा 75 ची, तर न्यू जर्सींत 83 ची आहे. ऑनलाइन कॅसिनो याहून पुष्कळ मोठे आंकडे जाहीर करतात. पंचाण्णव, क्वचित् त्याहूनही अधिक. पण हा आंकडा घरून आणलेल्या रकमेचा नसून प्रत्येक डावांत लावलेल्या पैशाचा असतो. शंभर रुपये एकदां फिरविले तर सरासरीनें पंचाण्णव उरतात. तेच पुन्हां पुन्हां दहा वेळां फिरविले तर साठाच्या आसपास, आणि चवदाव्या फेरीअखेर निम्म्याहून कमी. प्रामाणिक यंत्राचा हा हिशेब आहे.

मग तें प्रामाणिक आहे हें पाहावयाचें कोणी? नेवाडाच्या नियंत्रण मंडळांत यंत्रांची तपासणी करणारा रॉन हॅरिस नांवाचा संगणकतज्ज्ञ होता. तपासणीच्या निमित्तानें त्यानें कांहीं यंत्रांत असा संकेत भरून ठेवला कीं ठराविक क्रमानें नाणीं टाकणारास बक्षीस मिळावें. 1995 च्या जानेवारींत अटलांटिक सिटी येथें त्याच्या साथीदारानें केनो या खेळांत एक लाख डॉलर जिंकले, चौकशी झाली आणि सारें उघडकीस आलें. द्यूताध्यक्षानेंच फांसे बदलले तर काय करावें, हा प्रश्न त्या दिवशीं उभा राहिला.

1994 सालीं अँटिग्वा-बार्बुडा या बेटांनीं परवाने देणारा कायदा केल्यावर जुगारगृहें संगणकाच्या पडद्यावर आलीं. 1999 सालीं एका ऑनलाइन पोकरच्या खेळासाठीं पत्ते पिसण्याची रीत, आपला प्रामाणिकपणा पटावा म्हणून, बनविणारांनीं जाहीर केली. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या संस्थेच्या तज्ज्ञांनीं ती वाचली. बावन्न पत्त्यांच्या मांडण्या लिहावयाच्या तर आठावर सदुसष्ट शून्यें द्यावीं लागतील. या रीतींत मात्र आरंभाचा आंकडा घड्याळांतून, मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांवरून, घेतला जाई. दिवसांत ते 8 कोटी 64 लाखच असतात. घड्याळ जुळवून घेतल्यावर शक्यता सुमारें दोन लाखांवर आल्या, आणि पांच पत्ते दिसतांच इतरांच्या हातांतले सर्व पत्ते सांगतां येऊं लागले. येथें कोणी लबाडी केली नव्हती. पिसणाराच अडाणी होता. आणि तो सांपडला, कारण त्यानें आपली रीत उघड केली होती. जे ती उघड करीत नाहींत, त्यांच्याबद्दल खेळणारास तपासणी संस्थेच्या शिक्क्यापलीकडे कांहींच कळत नाहीं. शिक्का अस्सल आहे काय, तो कोणत्या खेळास दिला आहे, आणि तपासलेलीच आवृत्ति पडद्यावर चालते काय, हें परवाना देणाऱ्या कचेरीच्या नोंदींशीं ताडून पाहावें लागतें.

हिंदुस्थानांत गोवें सरकारनें 1992 च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांस वाट करून दिली. 2025 सालीं संसदेनें केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरविले. त्याहून कितीतरी जुना 1872 चा करारांचा कायदा आहे. त्याच्या 30 व्या कलमान्वयें पैजेचा करार रद्दबातल असून पैजेंत जिंकलेल्या रकमेसाठीं दावा लावतां येत नाहीं. परदेशांतल्या पडद्यावर जिंकलेला पैसा अडकून राहिला, तर येथील खेळणारास हें कलम प्रथम वाचावें लागतें.