वसंतातील रान आणि रानपिंगळा
शहापूर आणि मुरबाडच्या रानात फाल्गुनात पळस, पांगारा फुलतो. मध टिपण्यासाठी शिंजीर, मैना, मधमाश्या फुलांवर गर्दी करतात. पानगळ झाल्याने निरीक्षण व छायाचित्रण सोपे होते.

याच काळात शहापूरच्या तानसा अभयारण्यात दुर्मीळ रानपिंगळा दिसू शकतो. १८८४ नंतर दिसेनासे झालेले हे छोटे घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळले. तानसा येथे त्याची नोंद २०१४ मध्ये झाली. ते दिवसाही वावरत असल्याने कॅमेऱ्यात टिपता येते.

मात्र जुन्या झाडांच्या ढोलीतील त्याची वीणही याच सुमारास असते. त्यामुळे ढोलीजवळ जाणे, ध्वनिमुद्रित साद ऐकवणे कटाक्षाने टाळावे. वाळलेल्या रानात आग पेटवू नये; वणव्यात ढोलीची झाडेही जळतात.