दोराने चढणारी गाडी

आमच्या उंद्रीहून वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन आलेल्या भगिनी हल्ली देवीच्या दर्शनाइतकेच तेथील 'ट्रॉली'चेही वर्णन करतात. कोणी तिला रोपवे म्हणते, कोणी लिफ्ट. वास्तविक ती रुळांवरून चालणारी गाडी आहे. फ्युनिक्युलर रेल्वे हे तिचे नाव.

साध्या आगगाडीला उभा चढ झेपत नाही, चाके घसरतात. म्हणून 1907 साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी वळसे घेत घेत डोंगर चढते. फ्युनिक्युलरची युक्ती निराळी. आडावरच्या कप्पीवरून दोर सोडून त्याच्या दोन्ही टोकांना बादल्या बांधल्या, तर एक खाली जाताना दुसरी वर येते. तसेच येथे पोलादी दोराला दोन डबे जोडलेले असतात. उतरणाऱ्या डब्याचे वजन चढणाऱ्या डब्याच्या कामी येते. उरलेला भार तेवढा यंत्र ओढते. 1862 साली फ्रान्समधील लिओं शहरात अशी गाडी सुरू झाली. सप्तशृंगी गडावर ती 2018 साली आली.

पायी चढल्यावाचून दर्शनाचे पुण्य नाही, असे काही वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांनी गडाच्या पायऱ्यांचा इतिहास ध्यानी घ्यावा. सुमारे 500 पायऱ्यांची ती वाट सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी बांधविली, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. पुढे 1729 साली पती आणि 1731 साली डभईच्या लढाईत पुत्र त्र्यंबकराव गेल्यावर याच उमाबाईंनी सेनापतिपदाचा कारभार सांभाळला. त्यांनी कडा फोडून पायऱ्या केल्या, त्या चढणाऱ्यांची सोय व्हावी म्हणूनच ना? मग आजची गाडी म्हणजे त्याच सोयीचे पुढचे पाऊल नव्हे काय?

माझ्या सासूबाई ऐन उमेदीत त्या पायऱ्या चढल्या होत्या. पुढे गुडघे धरले. एका यात्रेत आम्ही सारी वर गेलो आणि त्या पायथ्याशी आमच्या चपला राखीत बसल्या. तेथूनच त्यांनी हात जोडले. ते दृश्य मला फार दिवस सलत होते. गाडी झाल्यावर त्यांना पुन्हा नेले. थोड्याच मिनिटांत आम्ही वर पोहोचलो. देवीसमोर त्या काही बोलल्या नाहीत, नुसते डोळे पुसले.

पुण्याचा हिशेब देवीकडे असो. पायऱ्याही राहोत आणि गाडीही राहो. कोणत्याही म्हातारीवर पायथ्याशी बसून राहण्याची पाळी न येवो.