मॉड्युलर सिंथेसायझर : जोडणी व मापपद्धती

मॉड्युलर सिंथेसायझर : स्वतंत्र विद्युत् मंडले असलेले घटक तारांनी हव्या त्या क्रमाने परस्परांस जोडून ध्वनी निर्माण करणारे इलेक्ट्रॉनीय वाद्य. यातील प्रत्येक घटकास ‘मॉड्यूल’ म्हणतात. आंदोलक हा घटक कंपने निर्माण करतो, छानक त्यांतील काही कंप्रता गाळतो व विवर्धक ध्वनीची तीव्रता कमीजास्त करतो. एका घटकातून निघणाऱ्या विद्युत् दाबाने दुसऱ्याचे नियंत्रण व्हावे, हे या वाद्याचे मूलतत्त्व होय. तथापि निरनिराळ्या उत्पादकांनी निरनिराळे प्लग, पट्ट्यांची मापे व विद्युत् दाबाची प्रमाणे स्वीकारल्यामुळे, घटकांच्या मुक्त जोडणीसाठीच जन्मलेले हे वाद्य दीर्घकाळ परस्परांशी न जुळणाऱ्या कुळांत विभागलेले राहिले.

उगम : अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडील न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग (१९३४–२००५) यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ मध्ये आपले पहिले घटक तयार केले. सुरावटीसाठी त्यांनी दर सप्तकास १ व्होल्ट हे प्रमाण ठरविले. विद्युत् दाब १ व्होल्टने वाढला की कंप्रता दुप्पट होते. अर्थात एका अर्धस्वरासाठी १/१२ व्होल्ट लागतो. ध्वनी व नियंत्रण या दोहोंसाठी त्यांनी टेलिफोन केंद्रांतून रूढ झालेला ६·३५ मिमी. व्यासाचा प्लग वापरला. त्यामुळे नियंत्रक दाब ध्वनीप्रमाणे ऐकता येई आणि ध्वनीही नियंत्रणासाठी वापरता येई.

याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रॅन्सिस्को टेप म्युझिक सेंटर या संस्थेतील मॉर्टन सबोटनिक व रमॉन सेंडर या संगीतकारांसाठी डॉन बुक्ला (१९३७–२०१६) यांनी वेगळी यंत्रणा रचली. ध्वनी आणि त्याला आकार देणारी रचना या भिन्न गोष्टी आहेत, ही भूमिका त्यांनी जोडणीतच उतरविली. ध्वनीसाठी लहान जॅक, तर नियंत्रणासाठी मध्यभागी फुगीर असलेला ४ मिमी.चा ‘बनाना’ प्लग त्यांनी योजिला. परिणामी नियंत्रणाची तार ध्वनीच्या जॅकमध्ये बसतच नसे. पुढे त्यांच्या २०० मालिकेत सप्तकास १·२ व्होल्ट, म्हणजे अर्धस्वरास नेमका ०·१ व्होल्ट, हे प्रमाण आले. कॅलिफोर्नियातच सर्ज चेरेपनिन यांनी १९७० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या यंत्रणेत ध्वनी व नियंत्रण या दोहोंसाठी बनाना प्लगच वापरला. तारेच्या टोकांतील हा फरक अशा रीतीने संगीताविषयीच्या दृष्टिकोनातील फरकाचा निदर्शक होता.

त्या काळी एखाद्या केंद्राकडे बहुधा एकाच उत्पादकाची संपूर्ण यंत्रणा असे. डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभारलेल्या व गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी वापरलेल्या स्टुडिओत मूग यांचीच यंत्रणा होती. जुने घटक हस्तांतरित होऊ लागल्यावर आणि लहान उत्पादकांची संख्या वाढल्यावर मिश्र जोडणीचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

जोडणीतील अडचणी : प्लगच्या व्यासातील फरक ही सर्वांत सोपी अडचण होय. ६·३५ मिमी. व ३·५ मिमी.चे जॅक एकाच पट्टीवर बसवून आतून समांतर जोडले की काम भागते. बनाना प्लगची तार मात्र एकेरी असते. परतीचा मार्ग तिच्यात नसतो. म्हणून दोन पेट्यांची भूयोजने वेगळ्या तारेने जोडावी लागतात; अन्यथा संकेत अस्थिर होतो किंवा गुणगुण ऐकू येते. बुक्ला यांचा ध्वनीचा जॅक दिसण्यात ३·५ मिमी.च्या नेहमीच्या जॅकसारखा असला, तरी त्याचा प्लग वेगळ्या घडणीचा असतो.

विद्युत् दाबाच्या प्रमाणांतील फरक अधिक गंभीर आहे. १·२ व्होल्ट प्रमाणाच्या फलकावर एक सप्तक वर जाऊन तो दाब १ व्होल्ट प्रमाणाच्या आंदोलकास दिल्यास १२ ऐवजी १४·४ अर्धस्वरांची चढण होते. अपेक्षित तार षड्जाऐवजी तार शुद्ध ऋषभाच्याही वरचा नाद उमटतो. हा दाब ५/६ पट करणारे मंडल मध्ये बसवावे लागते. त्यात एक टक्का चूक राहिली, तरी चार सप्तकांनंतर सुमारे पाव स्वराचा फरक पडतो. कॉर्गच्या एमएस-२० (१९७८) सारख्या वाद्यांत तर दाब व कंप्रता सम प्रमाणात असल्याने दर सप्तकास दाब दुप्पट होतो. येथे साधा गुणाकार पुरत नाही. स्वर सुरू करण्याचा संकेतही एकसारखा नाही. मूग यांच्या यंत्रणेत तो मंडल भूयोजनाशी जोडून, तर एआरपी या अमेरिकी कंपनीच्या वाद्यांत धन दाब देऊन मिळतो. विद्युत् पुरवठा हा यांतील सर्वांत धोक्याचा भाग होय. ±१२ व्होल्टसाठी आखलेल्या घटकास ±१५ व्होल्ट दिल्यास किंवा पुरवठ्याची पट्टी उलटी जोडल्यास तो जळू शकतो. म्हणून भिन्न कुळांतील घटक आपापल्या पेटीत, स्वतंत्र पुरवठ्यावर ठेवून केवळ संकेत जोडणे श्रेयस्कर असते.

मानकीकरण : अंकीय वाद्यांच्या बाबतीत अनेक उत्पादकांनी विचारविनिमयाने ‘मिडी’ हा संकेत ठरवून १९८३ मध्ये प्रचारात आणला. मॉड्युलर वाद्यांसाठी असा करार झाला नाही. म्यूनिकजवळील डीटर डप्फर यांनी ए-१०० ही यंत्रणा १९९५ मध्ये बाजारात आणली. प्रयोगशाळांतील उपकरणांच्या प्रचलित चौकटीवरून त्यांनी १२८·५ मिमी. उंचीची पट्टी, रुंदीसाठी ५·०८ मिमी.चे एकक, ३·५ मिमी.चे जॅक व ±१२ व्होल्टचा पुरवठा स्वीकारला. इतर उत्पादकांनी ही मापे उचलल्याने ‘युरोरॅक’ हे अघोषित मानक बनले. मूग यांच्या पद्धतीच्या पट्ट्या सुमारे २२२ मिमी., तर बुक्ला व सर्ज यांच्या सुमारे १७८ मिमी. उंच असतात, युरोरॅकच्या तुलनेने त्यांवर हाताला ऐसपैस जागा मिळते.

युरोरॅकमुळे जागा व खर्च यांची बचत झाली आणि छोट्या उत्पादकांस बाजारपेठ मिळाली. त्याची किंमतही आहे. बुक्ला यांच्या मंडलांच्या युरोरॅक आवृत्त्यांत ध्वनी व नियंत्रण एकाच आकाराच्या जॅकमधून जातात; मूळ यंत्रणेने हाताला घातलेले बंधन, आणि त्या बंधनातून घडणारी रचनेची शिस्त, त्यांत उरत नाही. म्हणूनच आजही काही संगीतकार निरनिराळ्या मापांच्या पेट्या शेजारी ठेवून, रूपांतरक मंडलांचा खटाटोप पत्करून काम करतात. एकाच मापात सर्व बसविण्याऐवजी भिन्न मापांत संवाद साधणे हा या वाद्याच्या मूळ कल्पनेशी अधिक सुसंगत असा मार्ग होय.