मंत्रचळावरच्या उपचारांची गोष्ट

धुतलेलं भांडं परत परत धुणारी, कडी लावली का हे बघायला दहादा उठणारी बाई दिसली की आपण म्हणतो, हिला मंत्रचळ लागलाय. आता गटाचे पैसे तीनदा मोजणं म्हणजे काही हा आजार नव्हे. तसं असतं तर आपल्या सगळ्या सचिवांना दवाखान्यात न्यावं लागलं असतं! नको असलेला विचार डोक्यातून हलत नाही, त्यात अर्थ नाही हे बहुतेक वेळा तिलाही कळतं, तरी हात थांबत नाहीत आणि दिवसाचे तास त्यातच जातात, तेव्हा तो आजार. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. घरचे म्हणतात, मुद्दाम करते. मग ती लपवायला लागते.

या आजारावर पूर्वी काय काय केलं गेलं, ते ऐका. १९३५ साली पोर्तुगालमध्ये, लिस्बनला, एगास मोनिझ या डॉक्टरांनी मनाच्या आजारांसाठी मेंदूची शस्त्रक्रिया सुरू केली. कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायचे. १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ही शस्त्रक्रिया देशोदेशी पसरली, मंत्रचळाच्या रुग्णांवरही झाली. काहींचा त्रास कमी झाला, पण कितीतरी जण सुन्न होऊन बसले, काही दगावले. अमेरिकेत हे ऑपरेशन झालेल्यांत बायका जास्त होत्या. त्यातल्या कितीजणींना आधी नीट विचारलं असेल, हा प्रश्न मला त्या नोबेलपेक्षा मोठा वाटतो.

मग १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी वेगळीच वाट दाखवली. सतत धुण्याचा त्रास असलेल्या एका बाईच्या खोलीतला नळच बंद केला! ज्या वस्तूंची तिला घाण वाटायची, त्यांना हात लावायला सांगायचं आणि नंतर धुवू द्यायचं नाही. नर्स सोबत थांबायची. जीव कासावीस व्हायचा, पण न धुताही ती घालमेल हळूहळू उतरते, हे शरीर शिकत गेलं. आज हीच पद्धत पहिल्या उपचारांमध्ये धरतात. पण म्हणून उद्या घरी सुनेचा नळ बंद करू नका बरं का! हे तिच्या संमतीनं, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, पायरी पायरीनं करायचं असतं.

त्याच सुमारास उदासीच्या आजारासाठी बनवलेलं क्लोमिप्रामिन हे औषध इथंही उपयोगी पडतं, असं दिसलं. आता त्याहून सोसायला सोपी औषधं आहेत. फक्त गुण यायला दोन-तीन महिने लागतात आणि आपण पंधरा दिवसांत गोळ्या बंद करतो.

औषध आणि सराव दोन्ही करूनही काहींना गुण येत नाही. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा बसवून पाहिल्या. कातडीखालच्या बॅटरीतून त्यांना सौम्य वीज मिळते. तंतू तोडले की जोडता येत नाहीत. ही वीज कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. तरी हे मोठं ऑपरेशनच आहे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे धोके आहेत, म्हणून अगदी शेवटी विचारात घेतात. दुसरा प्रकार चुंबकाचा. डोक्याशी यंत्र धरतात, भूल नाही, चिरफाड नाही, काही आठवडे रोज बसायचं. अमेरिकेत २०१८ साली ओसीडीसाठी त्याला परवानगी मिळाली. लोक याला 'शॉक' म्हणून घाबरतात, पण शॉक वेगळा, हे वेगळं. सगळ्यांनाच गुण येतो असं मात्र नाही, तेव्हा कुणी खात्रीची हमी देऊन भरमसाट पैसे मागितले तर सावध राहा.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनाच्या आजारासाठी मेंदूचं ऑपरेशन करायचं तर रुग्णाची समजून दिलेली संमती लागते आणि मंडळाची मंजुरीही. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही तिथं पुरत नाही.

कुणाला विचारायचं असेल तर टेलिमानसचा नंबर लिहून घ्या, १४४१६. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.