खुर्चीवरचा खेळ : पेठच्या पेटकरांपासून आपल्या सबर्बपर्यंत



आमच्या ग्रुपमधला एक मित्र एका रविवारी गटर साफ करायला शिडीवर चढला आणि खाली पडला. वय छत्तीस, दोन लहान मुले, घराचे नुकतेच काढलेले कर्ज. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचे अंग गेले. आम्ही सगळ्यांनी डबे पोचवले, मुलांना शाळेतून आणले-सोडले. ते आपल्या मंडळींना छान जमते. पण काही महिन्यांनी तो घरी आला, तेव्हा त्याच्याशी काय बोलावे हे कोणालाच सुचेना. क्रिकेटचा स्कोअर सांगायचासुद्धा संकोच! आणि भेटायला येणारे दारातूनच "अरेरे, बिचारा" म्हणत आत यायचे.

पुढे त्याच्या फिजिओने त्याला व्हीलचेअर बास्केटबॉलच्या कोर्टवर नेले. त्यानंतर आम्ही जे पाहिले, विचारले आणि वाचले, ते इथे लिहून ठेवत आहोत. कोणावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर माहिती हाताशी असावी.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमई दलात होते आणि उत्तम बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात सियालकोट भागात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाय गेले आणि मणक्याजवळ एक गोळी राहिली ती राहिलीच. मुंबईच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पोहायला सांगितले गेले. म्हणजे सुरुवात पदकासाठी नव्हे, औषध म्हणून! १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. भारताचे पॅरालिंपिकमधले हे पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी भारताला त्यानंतर ३६ वर्षे, म्हणजे २००८च्या अभिनव बिंद्रापर्यंत थांबावे लागले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने पेटकरांना त्या काळात मदत केली होती. पुढे ते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, आणि 'चंदू चॅम्पियन' हा त्यांच्यावरचा सिनेमा २०२४ साली आला. ४६ वर्षांनी पद्मश्री... यावर आम्ही वेगळे काय लिहिणार!

आता ऑस्ट्रेलियाचा धागा. पेटकरांनी १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धांमध्येही पोहण्याचे सुवर्ण मिळवले होते. या स्पर्धा सुरू झाल्या त्या आपल्या इथे, पर्थमध्ये, १९६२ साली! त्यामागे होते डॉ. जॉर्ज बेडब्रुक. पर्थच्या शेंटन पार्क इथे १९५४ साली त्यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला होता. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या डॉ. लुडविग गुटमन यांचीच ही विचारसरणी. त्याआधी असे रुग्ण पलंगावर पडून राहत आणि बेडसोअर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. गुटमननी त्यांना उठवून बसवले आणि हातात धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ रुग्णांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचे मूळ ते. १९६०च्या रोम स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या चमूत एकच बाई होती, डॅफ्नी सीनी. ती तरुणपणी घोड्यावरून पडून जायबंदी झाली होती. २००० साली तर सिडनीच्या पॅरालिंपिकमध्ये ऑस्ट्रेलिया ६३ सुवर्णांसह पहिला आला.

आम्ही इंजिनियर माणसे, त्यामुळे आम्हाला सर्वांत आवडला तो वर्गीकरणाचा हिशोब. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण देतात आणि कोर्टवरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. त्यामुळे जास्त इजा झालेला, कमी गुणांचा खेळाडू टीमला हवाच असतो! त्याला कोणी दयेपोटी घेत नाही, बेरीज जमायला घेतात. आमच्या मित्राला हे पहिल्या दिवशी कळले तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला. व्हीलचेअर रग्बी ही मानेच्या इजेमुळे हातांतही कमजोरी असलेल्यांसाठी निघाली. तिथे गुण ०.५ ते ३.५, आणि चौघांची बेरीज ८. टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, बाकी कोर्ट आणि नेट तेच.

शरीराला होणारा फायदा अगदी रोजच्या कामातला आहे. खुर्चीतून पलंगावर किंवा गाडीत सरकायचे ते खांद्यांच्या आणि दंडांच्या जोरावर, आणि ती ताकद खेळातून येते. एक सावधगिरी मात्र घ्या. मानेजवळ इजा असेल तर इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही. आपल्या इथल्या जानेवारीच्या उन्हात अंग पटकन तापते, म्हणून हे खेळाडू अंगावर पाण्याचा फवारा मारत राहतात. डॉक्टर आणि फिजिओला विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

सुरुवात कुठून करायची? हॉस्पिटलच्या स्पायनल युनिटमधल्या फिजिओला किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारा. जवळपास प्रत्येक राज्यात व्हीलचेअर खेळांची संस्था आहे, उदा. व्हीलचेअर स्पोर्ट्स एन.एस.डब्ल्यू., क्वीन्सलंडमध्ये स्पोर्टिंग व्हीलीज. 'कम अँड ट्राय'चे दिवस असतात, तिथे खुर्चीही देतात. खेळाची खुर्ची वेगळी असते. चाके तिरकी लावलेली, त्यामुळे झटकन वळते आणि सहसा उलटत नाही. किंमत हजारो डॉलर्समध्ये जाते, त्यामुळे आधी क्लबची वापरा. समुद्राची ओढ असेल तर १९८६ पासून डिसेबल्ड सर्फर्स असोसिएशनचे स्वयंसेवक लोकांना लाटांवर नेत आहेत.

पैशांचे थोडे सांगायला हवे. एन.डी.आय.एस. ही योजना २०१३ साली सुरू झाली. अर्ज करताना वय ६५ च्या आत हवे, आणि नागरिकत्व किंवा पी.आर. हवे (न्यूझीलंडच्या काही नागरिकांनाही सवलत आहे). टेंपररी व्हिसावर आलेल्यांना आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना ती मिळत नाही, तेव्हा इन्शुरन्सची कागदपत्रे आजच काढून वाचा. गाडीचा किंवा कामावरचा अपघात असेल तर भरपाईचे मार्ग वेगळे, जसे व्हिक्टोरियात टी.ए.सी. खेळाच्या खुर्चीला एन.डी.आय.एस. पैसे देईलच असे धरून चालू नका.

आणखी एक गंमत. इथल्या बऱ्याच क्लबमध्ये चालता येणारी माणसेही व्हीलचेअर बास्केटबॉल खेळू शकतात. आमच्या मित्राची थोरली मुलगी आता त्याच्याच टीममध्ये आहे, आणि बाबा पास देत नाहीत अशी तिची तक्रार आहे. आम्ही दोघे-तिघेही एकदा खेळून आलो. दहा मिनिटांत तळहाताला फोड आले आणि बास्केट एकही नाही!

गेल्या गणपतीला मित्र आला होता. पण स्टेजला पायऱ्याच पायऱ्या, म्हणून आरतीला तो खालीच थांबला. या वर्षी हॉल ठरवताना आम्ही टेप घेऊन गेलो आणि त्याला बरोबर नेले. रॅम्प आहे. टॉयलेटचा दरवाजा मोजला, खुर्ची आत जाते. हॉल बुक केला आहे.